जामीन राहिलेला देश

पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जात शेवटच्या पानावर जामीनदाराच्या सहीची जागा असते. ट्रॅक्टर मेहुण्याचा, हप्ते मेहुण्याचे, सही आपली. सहीच्या दिवशी चहा होतो, पेढे वाटले जातात. पुढे मेहुणा हप्ते थकवतो आणि नोटीस आपल्या नावाने येते. मग कळतं, की ट्रॅक्टरवर आपला काडीचा हक्क नाही, कर्ज मात्र आपलं आहे.

२९ जुलै १९८७ रोजी भारत सरकारने कोलंबोत अशीच एक सही केली. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांच्यातल्या करारात एक कलम होतं : इथे जे ठरलं आहे ते पार पडेल, याची हमी भारत घेतो. आणखी एक होतं : त्यासाठी श्रीलंकेने लष्करी मदत मागितली, तर भारत ती देईल. जयवर्धने यांनी ती लगोलग मागितली. दुसऱ्याच दिवशी जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर भारतीय जवान उतरू लागले. त्यांना नाव मिळालं भारतीय शांतिसेना. ती जवळपास दोन वर्षं आठ महिने तिथे राहिली. सुमारे १२०० जवान परत आले नाहीत.

परक्या देशात सैन्य धाडावं का, धाडलं तर खर्च वसूल होतो का, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा अमेरिकेला विचारला जातो. व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान ही नावं सगळ्यांना पाठ असतात आणि त्यावर बोलताना आपण अंमळ शहाणेही होतो. पण आपल्याच वहीत सतरा वर्षांच्या आत अशा तीन नोंदी आहेत : १९७१ चा बांगलादेश, १९८७ ची श्रीलंका आणि १९८८ चं मालदीव. सैन्य एकच, जवानांची जिद्द तीच. निकाल मात्र तीन तऱ्हेचे. पहिल्याचे पुतळे आणि सिनेमे झाले, तिसरं फारसं कुणाला आठवत नाही आणि मधल्याबद्दल बोलायचं टाळलं जातं. मला त्या मधल्याबद्दलच बोलायचं आहे.

भारत त्या सहीपर्यंत पोचला कसा? जुलै १९८३ मध्ये तमिळ वाघांनी जाफन्यात १३ श्रीलंकन सैनिकांना सापळ्यात गाठून मारलं आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरंदारं, दुकानं पेटवली गेली. लाखाहून अधिक तमिळ निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. मद्रासमधलं कुठलंही सरकार यावर गप्प बसू शकत नव्हतं आणि दिल्लीला मद्रास दुखावून चालणार नव्हतं. दिल्लीने दोन डगरींवर पाय ठेवले. एकीकडे वाटाघाटी, दुसरीकडे तमिळ तरुणांच्या गटांना भारतात लष्करी प्रशिक्षण आणि शस्त्रं. हेतू हा, की जयवर्धने यांच्यावर दाब राहावा. वेलुपिल्लै प्रभाकरन यांची लिट्टे, म्हणजेच तमिळ वाघ, ही त्या गटांपैकी एक. यथावकाश तिने बाकीच्या बहुतेक गटांना मोडून काढलं. १९८७ पर्यंत जाफन्यात तिचाच शब्द चालू लागला होता.

मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराची भागावर मोठी चढाई केली. २ जूनला भारताने मदतसामग्रीच्या होड्या पाठवल्या, श्रीलंकेच्या नौदलाने त्या परत फिरवल्या. ४ जूनला भारताची पाच एएन-३२ विमानं मिराज लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात जाफन्यावर गेली आणि त्यांनी अन्नधान्य, औषधं मिळून सुमारे २५ टन माल खाली टाकला. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला २५ टन म्हणजे दातांच्या फटीतही भरणार नाही एवढा. पण तांदूळ हा खरा संदेश नव्हता, विमानं हा संदेश होता. जयवर्धने यांना तो कळला. चढाई थांबली आणि दोन महिन्यांच्या आत करार झाला.

इथे जरा थांबून सह्या पाहू. पहिली भारताच्या पंतप्रधानांची, दुसरी श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांची. करारातली मुख्य अट अशी, की युद्धबंदीनंतर ७२ तासांत अतिरेकी गटांनी शस्त्रं खाली ठेवायची. आणि ज्यांच्या हातात ती शस्त्रं होती, त्यांची सही कागदावर कुठेच नाही. प्रभाकरन यांना जुलैच्या अखेरीस दिल्लीला आणून अशोक हॉटेलात ठेवलं गेलं, त्यांची मनधरणी झाली, दमदाटीही झाली. सही नाही. ४ ऑगस्टला जाफन्याजवळच्या सुदुमलैला त्यांनी जाहीर सभा घेतली आणि भारतासारख्या मोठ्या देशापुढे आपलं काही चालत नाही, म्हणून शस्त्रं देतो, अशा अर्थाचं भाषण केलं. स्वतंत्र ईलमचं ध्येय सोडल्याचं ते त्यात कुठेही म्हणाले नाहीत. जरा कान देऊन ऐकणाऱ्याला पुढचं सगळं त्या भाषणात ऐकू यायला हवं होतं.

कर्जदाराने सहीच केलेली नाही आणि जामीनदार मात्र वसुलीला निघाला, असा हा व्यवहार.

दुसऱ्या पक्षाचीही सही मनापासून नव्हती. पंतप्रधान रणसिंघे प्रेमदासा यांनी कराराच्या समारंभावर बहिष्कार टाकला होता. ३० जुलैला मानवंदना स्वीकारताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. ते झुकले म्हणून डोकं वाचलं, घाव खांद्याजवळ बसला. ते छायाचित्र जगभर छापून आलं. ज्या देशाच्या मानवंदना पथकातला शिपाई पाहुण्यावर बंदूक उलटी धरतो, तिथे आपलं सैन्य किती दिवस सुखाने नांदेल, हा प्रश्न त्या चित्रातच होता. दिल्लीला तो ऐकायला सवड नव्हती. त्या वर्षी बोफोर्सचा गदारोळ चालू होता, पंजाब धुमसत होता, देशात भीषण दुष्काळ होता. घरचं झालं थोडं, त्यात हे. पण अशा वर्षी राजकारण्यांना बाहेरच्या यशाची ओढ जरा जास्तच असते.

सुरुवातीचे आठवडे खरंच शांततेचे होते. जाफन्याच्या तमिळांनी भारतीय जवानांना हार घातले. थोडी शस्त्रं गोळाही झाली. मग गाडी घसरायला लागली. १५ सप्टेंबरला लिट्टेचा तिलीपन हा तरुण जाफन्याच्या नल्लूर मंदिरापाशी पाणीही न घेता उपोषणाला बसला आणि २६ तारखेला गेला. गांधींच्या देशाच्या सैन्यासमोर उपोषणाने मेलेला मुलगा. जाफन्यातले हार त्या दिवशी सुकले. ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे सतरा जण समुद्रात पकडले, त्यांत कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे दोन कमांडरही होते. श्रीलंकेचं सरकार त्यांना चौकशीसाठी राजधानीत न्यायचा हट्ट धरून बसलं. भारताला ते थांबवता आलं नाही. ५ ऑक्टोबरला पलालीच्या तळावरच त्यांनी सायनाइड गिळलं आणि बारा जण मेले. त्यानंतर लिट्टेने पूर्व भागात सिंहली नागरिकांच्या कत्तली सुरू केल्या. हमी घेणारा देश आता एकाच वेळी दोन्हीकडच्यांना तोंड देत होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हुकूम निघाला : लिट्टेला बळाने निःशस्त्र करा. मोहिमेचं नाव ऑपरेशन पवन.

ज्या सैन्याला दोन महिन्यांपूर्वी शांतता राखायला म्हणून विमानांत बसवलं होतं, त्याच सैन्याला आता घराघरांतून, नारळीच्या बागांतून, सुरुंग पेरलेल्या गल्ल्यांतून शहर जिंकायला सांगितलं गेलं. ५४ वी इन्फंट्री डिव्हिजन रणगाडे, तोफा यांच्या पुरेशा तयारीविना गेली होती. तिचे प्रमुख होते मेजर जनरल हरकिरत सिंग. समोरच्या पोरांना गल्लीबोळ पाठ होते, आणि लढणं त्यांच्यातल्या काहींना आपणच शिकवलं होतं.

११ ऑक्टोबरच्या रात्री लिट्टेचे नेते पकडायला जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने कमांडो उतरवायचे ठरले. पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्री. लिट्टेला याचा सुगावा आधीच लागला होता. पहिल्या फेऱ्यांतली हेलिकॉप्टरं गोळ्यांनी चाळण होऊन परतली आणि पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. मैदानावर शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण एकटे पडले. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारूगोळा संपेपर्यंत लढले. एकोणतीस मेले, एक पकडला गेला. पुढे जाफना पडलं, त्याला साधारण दोन आठवडे लागले. शहर हाती आलं, लिट्टे वन्नीच्या जंगलात निघून गेली. या लढाईतलाच एक दिवस, २१ ऑक्टोबर, दिवाळीचा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जाफन्याच्या मुख्य रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका धरून साठहून अधिक माणसं मेली. आत लिट्टेचे बंदूकधारी होते, असं सैन्याचं म्हणणं. आत मेले ते बहुतेक रुग्ण आणि रुग्णालयातले कर्मचारी होते, हे जाफना विसरलेलं नाही. खर्चाचा हिशेब मांडताना आपण आपले १२०० मोजतो. ते मोजायलाच हवेत. पण या ओळीही त्याच वहीतल्या आहेत.

या युद्धात एकच परमवीर चक्र दिलं गेलं. मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार. जन्म मुंबईचा, शिक्षण शीवच्या एस. आय. ई. एस. मधलं. ज्या महार रेजिमेंटची उभारणी १९४१ साली बेळगावात झाली, तिचं हे पहिलं परमवीर चक्र. २५ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटे शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. परमेश्वरन यांनी वळसा घेऊन हल्लेखोरांना मागून गाठलं. छातीत गोळी लागली असताना समोरच्या अतिरेक्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला मारलं आणि प्राण जाईपर्यंत हुकूम देत राहिले. मुंबईत वाढलेला तमिळ अधिकारी, त्याच्या हाताखाली महार रेजिमेंटचे जवान, समोर तमिळ तरुण. यात कोण कुणाचा शत्रू होता, हे दिल्लीतल्या कागदावर जितकं स्पष्ट होतं तितकं त्या पहाटे असेल असं वाटत नाही.

उत्तरेत हे चालू असताना दक्षिणेतली सिंहली गावं वेगळ्याच आगीत होती. जनता विमुक्ती पेरमुना, म्हणजे जेव्हीपी, या डाव्या राष्ट्रवादी पक्षाच्या तरुणांनी कराराविरुद्ध सशस्त्र उठाव केला. भारतीय मालावर बहिष्काराचे फतवे निघाले. श्रीलंकेत मोठ्या लाल कांद्याला बाजारात ‘बॉम्बे कांदा’ म्हणतात, कारण तो मुंबईच्या बंदरातून जातो. पिकतो अर्थातच आपल्या नाशिक भागात. त्या काळात जेव्हीपीच्या दहशतीखाली दुकानदारांनी तो शब्दही टाकला आणि नुसता ‘मोठा कांदा’ म्हणायला सुरुवात केली. निफाड-लासलगावच्या शेतकऱ्याला शांतिसेनेशी आपला काही संबंध आहे, हे स्वप्नातही आलं नसेल.

जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. जूनमध्ये त्यांनी जाहीर करून टाकलं, की कराराला दोन वर्षं होतील त्या दिवशी, २९ जुलैला, भारतीय सैन्य देशाबाहेर गेलेलं असलं पाहिजे. ज्या सरकारच्या विनंतीवरून आलो, तेच आता निघा म्हणत होतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी समजून घेता आलं असतं. प्रेमदासा सरकारने भारतीय सैन्याशी लढायला लिट्टेलाच शस्त्रं पुरवली. आपणही कमी नव्हतो. भारताने लिट्टेच्या विरोधातल्या गटांतून एक ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी केली, त्यासाठी पोरांना घरांतून ओढून भरती केलं गेलं. आपलं सैन्य निघताच ती पोरं आणि त्यांच्या बंदुका दोन्ही लिट्टेच्या हाती गेल्या.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले आणि माघारीचा वेग वाढला. एके काळी ऐंशी हजारांच्या घरात गेलेल्या सैन्याची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमाली बंदरातून निघाली. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत कसं करू, असा त्यांचा पवित्रा होता. तमिळांना वाचवायला म्हणून गेलेलं सैन्य! पुढच्या वर्षी, २१ मे १९९१ च्या रात्री, श्रीपेरुंबुदुरला लिट्टेच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींना मारलं. प्रेमदासाही १ मे १९९३ ला तसेच मेले.

आता मिळालं काय, ते पाहू. भारताची उद्दिष्टं तीन होती. श्रीलंका फुटू नये, तमिळांना स्वायत्तता मिळावी, आणि त्या बेटावर दुसऱ्या कुठल्या ताकदीने बस्तान मांडू नये. तिसरं उद्दिष्ट कराराच्या मजकुरात नव्हतं, दोन्ही नेत्यांनी एकमेकांना दिलेल्या पत्रांत होतं : त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध कुणाला वापरू देणार नाही, तिथल्या ब्रिटिशकालीन तेलटाक्यांचं काम भारताबरोबर मिळून करू, परदेशी प्रसारण केंद्रं फक्त प्रसारणासाठीच वापरली जातील.

स्वायत्ततेपुरतं काही हाती लागलं. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा आल्या, तमिळ ही राजभाषा झाली. त्या देशात सत्तेचं जे काही विकेंद्रीकरण आहे ते आजही याच दुरुस्तीवर उभं आहे, म्हणून शून्य म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण उत्तर आणि पूर्व प्रांतांचं जोडलेलं कडबोळं २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोडवून टाकलं. उत्तर प्रांताची परिषद निवडणुकीने पहिल्यांदा बसली ती २०१३ मध्ये. तिची मुदत २०१८ ला संपली आणि हे लिहीपर्यंत नवी निवडणूक झालेली नाही. देश फुटला नाही हे खरं. पण ते मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने लिट्टेला अतोनात नागरी रक्तपातासह संपवलं म्हणून. शांतिसेनेच्या माघारीनंतर १९ वर्षांनी.

तेलटाक्यांची गोष्ट तर मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्या ९९ टाक्या १९८७ च्या पत्रात आहेत. ८० हजार सैनिक त्याच बेटावर असताना त्यांचं काही झालं नाही. २००३ मध्ये इंडियन ऑइलच्या लंका शाखेला त्या भाडेपट्ट्याने मिळाल्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये, श्रीलंकेची तिजोरी रिकामी होत असताना, नवा करार झाला : १४ टाक्या भारतीय कंपनीकडे, २४ श्रीलंकेच्या तेल महामंडळाकडे, ६१ संयुक्त कंपनीकडे. त्या वर्षी भारताने श्रीलंकेला कर्ज आणि उधारीच्या रूपाने सुमारे चार अब्ज डॉलरचा टेकू दिला. सैन्याला न मिळालेली गोष्ट उधारीच्या वहीने मिळवून दिली. आणि चीन? पत्रात त्रिंकोमाली होती, हंबनटोटा नव्हतं. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं.

एवढं झाल्यावर वाटेल, की परक्या भूमीवर सैन्य पाठवणं हाच मुळात आतबट्ट्याचा व्यवहार. तसं म्हणायला १९७१ आडवं येतं. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सांगलीहून पुण्याला पत्र टाकणाऱ्याही माणसाच्या खिशातून बांगलादेशचे पाच पैसे जात होते. युद्धाचं उद्दिष्ट या निर्वासितांच्या आकड्यातच दडलेलं होतं : ही माणसं परत घरी जातील अशी स्थिती निर्माण करायची. ते मोजता येणारं उद्दिष्ट होतं, आणि मार्च १९७२ पर्यंत बहुतेक सगळे परत गेलेही. ३ ते १६ डिसेंबर एवढंच युद्ध, दोन्ही आघाड्यांवर मिळून साडेतीन हजारांहून अधिक भारतीय जवानांचे प्राण, ९३ हजार युद्धकैदी. १२ मार्च १९७२ ला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं आणि सैन्य परतलं.

फरक शौर्यात नाही, जाफना विद्यापीठाच्या मैदानावरही शौर्य होतंच. फरक हा, की ढाक्यात देश सोपवायला कुणीतरी होतं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या होत्या. एप्रिल १९७१ मध्ये मुजीबनगरला त्यांचं सरकार बनलं होतं. मुक्तिवाहिनी लढत होती. लष्करप्रमुख माणेकशा यांनी पावसाळा संपेपर्यंत आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत थांबायचं ठरवलं आणि इंदिरा गांधी थांबल्या. लंकेत थांबून विचार करायला कुणी नव्हतं आणि सोपवायला फक्त कागदावरच्या प्रांतिक परिषदा होत्या. बांगलादेश कायमचा आपला मित्र राहील, असं ज्यांना वाटलं त्यांचा भ्रमनिरास ऑगस्ट १९७५ मध्ये मुजीब यांच्या हत्येने झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना दिल्लीला पळून आल्या तेव्हा पुन्हा झाला. पण मैत्री हे युद्धाचं उद्दिष्ट नव्हतंच. कृतज्ञता वसुलीच्या खात्यात धरणारा कारकून कधीच ताळेबंद जुळवू शकणार नाही.

मालदीवचं तर दोन ओळींत सांगून होतं. ३ नोव्हेंबर १९८८ ला श्रीलंकेतून आलेल्या सुमारे ८० भाडोत्री तमिळ बंदूकधाऱ्यांनी मालेवर हल्ला केला, राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी मदत मागितली, आणि आग्र्याहून दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता उडत त्याच रात्री भारतीय छत्रीसैनिक हुलहुले बेटावर उतरले. पहाट व्हायच्या आत गयूम सुरक्षित होते. पळणारं जहाज ‘गोदावरी’ आणि ‘बेतवा’ या युद्धनौकांनी गाठलं. मागणारा एकच, काम एकच, आणि ते झालं की परत. गंमत अशी, की शांतिसेना लंकेत रुतून बसली होती त्याच महिन्यात हे घडलं. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. काम काय आहे, हे एका जागी ठाऊक होतं आणि दुसऱ्या जागी नव्हतं. अर्थात तिथेही मित्रत्वाचा हिशेब टिकला नाही. मोहम्मद मुइज्जू निवडून आल्यावर मालदीवमधले सुमारे ऐंशी भारतीय लष्करी कर्मचारी मे २०२४ पर्यंत परत आले.

अमेरिकेला या बाबतीत आपल्याकडून शिकण्यासारखं होतं आणि आपल्याला तिच्याकडून. बैरुतमध्ये ‘शांतता राखायला’ गेलेल्या अमेरिकन सैन्याच्या तळावर २३ ऑक्टोबर १९८३ रोजी ट्रक बॉम्ब फुटला, २४१ सैनिक मेले. रोनाल्ड रेगन यांनी चार महिन्यांत सैन्य मागे घेतलं. मानहानी पत्करली आणि तोटा तिथे थांबवला. आपण हे उदाहरण चार वर्षं आधी वाचून १९८७ मध्ये लंकेत गेलो. पुढे अमेरिकाच ते विसरली. अफगाणिस्तानात वीस वर्षं, चोवीसशेहून अधिक अमेरिकन सैनिकांचे प्राण, ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या अंदाजाने २.३ लाख कोटी डॉलर खर्च, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये. त्याआधी दोहामध्ये २९ फेब्रुवारी २०२० ला जो करार झाला, त्यावरच्या सह्या पाहा. अमेरिकेची आहे, तालिबानची आहे. ज्या अफगाण सरकारच्या रक्षणासाठी हे सगळं केलं, त्याची नाही. कोलंबोच्या कागदावर बंदूकवाल्याची सही नव्हती, दोहाच्या कागदावर सरकारची नव्हती. ज्याच्यावर कराराचा भार पडणार त्यालाच कागदाबाहेर ठेवण्याची ही खोड बड्या देशांना जडलेली दिसते.

भारत गेलाच नसता तर? हा प्रश्न शांतिसेनेतले माजी अधिकारी नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. जाफन्यावर श्रीलंकेच्या सैन्याने चढाई पुरी केली असती, आणखी निर्वासित आले असते, जयवर्धने यांनी पाकिस्तान, इस्रायल, अमेरिका यांच्याकडून मदत घेतलीच असती. ती ते आधीपासून घेतही होते. माझं मत असं, की ४ जूनच्या विमानांनी जेवढं साधलं, तेवढ्यावर थांबून करार दोन बाजूंचा होईपर्यंत दाब कायम ठेवला असता, तर कदाचित काही महिने वाया गेले असते. जी घाई केली तिने ३२ महिने आणि १२०० जवान घेतले, आणि शेवटी पदरात पडलं ते चर्चेनेही पदरात पडण्यासारखं होतं. हा सौदा तोट्याचा होता.

दिल्लीने मात्र धडा घेतला, हे मान्य करायला हवं. २००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये एक डिव्हिजन पाठवण्याची गळ घातली, तेव्हा सरकारमध्ये पाठवण्याच्या बाजूचे लोक होते. वाजपेयी सरकारने जुलैमध्ये नकार कळवला. २००९ मध्ये लंकेत शेवटची लढाई चालू होती, तेव्हाही भारतीय सैन्य दूरच राहिलं. मालदीवनंतर परदेशातल्या मोठ्या मोहिमेवर आपलं सैन्य गेलं ते बहुतेक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या हेल्मेटमध्येच.

जेव्हीपीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. एके काळी भारतीय कांद्याचं नाव पुसायला निघालेल्या या पक्षाचे नेते अनुरा कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा पहिला परदेश दौरा दिल्लीचा होता. एप्रिल २०२५ मध्ये नरेंद्र मोदी कोलंबोला गेले, तेव्हा दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा करार झाला.

त्या दौऱ्यात मोदी एका स्मारकाशी फुलं वाहायला थांबले. शांतिसेनेतल्या मृत जवानांची नावं काळ्या संगमरवरात कोरलेलं हे स्मारक कोलंबोला लागून असलेल्या श्री जयवर्धनेपुर कोट्टे इथे, संसदेच्या परिसरात आहे. ते २००८ मध्ये श्रीलंका सरकारने बांधलं. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक त्यानंतर अकरा वर्षांनी उभं राहिलं. हल्ली महाराष्ट्रातून अशोकवाटिका आणि रावणाच्या गुहा पाहायला लंकेच्या सहली भरभरून जातात, आणि बहुतेकांचा पहिला किंवा शेवटचा मुक्काम कोलंबोत असतो. तिथून संसद फार लांब नाही. सहलीवाल्याला आधी सांगून ठेवलं, तर अर्धा तास मिळू शकेल. त्या भिंतीवर ८ महारच्या मेजर परमेश्वरन यांचं नाव शोधा आणि त्याच्या वरची-खालची नावंही वाचा.